लाल गोटीचा मान

माझ्या विहिणीले तीन वाजता ये म्हटलं का ती साडेतीनले येते. एक दिवसाचं नाही, दोन वर्षं झाले, रोजचं हे. बरं, यायचं कुठून हाय तिले? सौंसरहून पांढुर्ण्याले पायी यायचं हाय का? घरच्या घरी पलंगावर बसून मोबाईलवर बोट ठेवायचं हाय. तेवढ्याले बी बाईले अर्धा तास लागते!

आम्ही चौघी रोज दुपारी मोबाईलवर लुडो खेळतो. मी पांढुर्ण्यात, माझी धाकटी बहीण इंदू रामाकोन्यात, आमची जुनी शेजारीण अलका आता जाम नदीच्या पल्याड सावरगावात, अन् चौथी ही नलिनी, माझ्या सुनेची माय. तीनले पाच कमी असताना अलका कोड पाठवते, तो टाकला का चौघी एका पटावर येतो. बोललेलं बी एकमेकींले ऐकू येते. मी दुसरीपर्यंतच शिकली, पण कोड टाकाले मले कोणी लागत नाही. लाल गोटी माझी. ते पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं.

आता अर्धा तास बसून करायचं काय? तर आम्ही आवाज ओळखतो. एकीनं आपल्या घरातला कोणता बी आवाज ऐकवायचा, बाकीच्यांनी सांगायचं कशाचा हाय. मिक्सर, कूलर, खलबत्ता हे तर लहान लेकरू बी ओळखीन. इंदू मात्र भलतेच काढते. एक दिवस तिच्याकडून चुर्र चुर्र ऐकू आलं.

"तेलात मिरची टाकली तू," अलका म्हणे.

"नाही."

"सुपारी कातरून राहिली."

"नाही वं माय. बकरी कागद खाऊन राहिली."

"कशाचा कागद?" मी विचारलं.

"मोहगावच्या लग्नाची पत्रिका हाय, अक्का."

"मंग काढ ना तिच्या तोंडातून! लग्न कधीचं हाय ते तरी पाहलं का?"

"तारीखच तर पहिले खाल्ली तिनं."

असे हसता हसता साडेतीन वाजतात. मंग कधी तरी बांगड्या वाजतात, म्हणजे नलिनी आली. बांगड्या काहून वाजतात, तर ती डोक्यावरचा पदर सारखा करते. मी समोर नाही, तिले दिसत नाही, पण माझ्याशी बोलाचं म्हटलं का तिचा हात पदराले जाते. मंग बारीक आवाजात म्हणते, "नमस्कार करते जी विहीणबाई. जरा उशीर झाला."

हा पदर कुठून आला ते बी सांगून टाकते. चौदा वर्षं झाले गजेंद्रच्या लग्नाले. सौंसरले मांडव होता. विहिणींची पंगत बसली, पहिलं पान माझं, वरमायचं. वाढणारा वडे घेऊन आला तो सरळ माझ्या जावेच्या पानाकडं गेला. मी उठली. एक शब्द बोलली नाही, उठली अन् मांडवाच्या खांबापाशी जाऊन उभी राहिली. सारी पंगत हात वर करून बसली होती. नलिनी धावत आली, पदर पसरला, पाया पडली, तेव्हा मी बसली. लोकं म्हणाले, बाई कडक हाय. मी म्हटलं, हायच.

तेव्हापासून नलिनी माझ्या घरी आली तर मी बसल्याशिवाय बसत नाही. मी चहाचा घोट घेतल्याशिवाय कप उचलत नाही. मले आवडते ते, खोटं काहून बोलू?

अन् लुडोत मी जिंकते. आठवड्यातले पाच दिवस तरी मीच. भजनाच्या बायांमध्ये सांगतलं, भाजीवालीले सांगतलं, जावयाले फोन करून सांगतलं. संत्र्याच्या बगीच्यात आलेल्या बाया बी मले विचारतात, "काय जी, आज कोणाले हरवलं?" फासा सगळ्यांचा सारखाच असते, पण चाल कोणती खेळायची त्याले डोकं लागते. ते माझ्याजवळ हाय, असं मी समजून होती.

परवाच्या सोमवारची गोष्ट. गजेंद्र शेतात जाताना माझा मोबाईल उचलून घेऊन गेला. दोघांच्या मोबाईलचं कव्हर काळं. त्याचा इथं राहिला तर त्याले असं कुलूप लावून ठेवलेलं, का उघडत नाही. तीनले दहा कमी. मी सकाळपासून सरगुंड्यांचं पीठ भिजवून ठेवलं होतं. घरात पहिला आंबा आला होता, अन् रसासंग सरगुंडे नसले तर तो रस खाल्ल्यासारखा वाटत नाही. परातीत पीठ, बाजूले सरगुंडे गुंडाळाच्या काड्या, सूप, सारं मांडून बसली, अन् मोबाईल नाही!

"उर्वशी!" मी आवाज दिला.

सून मागच्या खोलीत शिलाई मशीनवर ब्लाऊज शिवून राहिली होती. तोंडात टाचणी घेऊनच आली.

"तुझ्या नवऱ्यानं माझा मोबाईल पळवला."

"माझ्यावर खेळा ना आई," ती म्हणे. तिनं आपला मोबाईल काढला, ग्रुपवर आलेला अलकाचा कोड टाकला, मोबाईल भिंतीले टेकवून ठेवला अन् गेली मशीनवर.

मी म्हटलं, "आली वं मी."

कोणी काही बोललं नाही. इंदू आपली अलकासंग उन्हाचं बोलून राहिली होती. मी पुन्हा मोठ्यानं म्हटलं, "बहिऱ्या झाल्या का सगळ्या?" तरी बी काही नाही. मंग समजलं, उर्वशीच्या मोबाईलवर बोलाचं बटण बंद असन. ते कुठं असते मले माहीत नव्हतं, अन् हात पिठाचे. म्हटलं राहू दे, मले तर ऐकू येऊन राहिलं.

तितक्यात बांगड्या वाजल्या नाही, काही नाही, अन् एकदम दणदणीत आवाज आला.

"आली का माझी बाय! उर्वशी! तुझं नाव दिसलं, तशीच इकडे पळाली. चालू डाव सोडून आली!"

तीनले दोन मिनिटं कमी होते. ही नलिनी होती. मी हातातली काडी तशीच धरून बसली.

"कोणता डाव सोडला?" अलकानं विचारलं.

"अवं, दोन वाजतापासून खेळून राहिली मी. अनोळखी लोकाईसंग. कोण भोपाळचं, कोण कुठलं, नाव बी वाचता येत नाही एकेकाचं. तिथं कोणी विहीण नाही, कोणी वरमाय नाही. मारा पाहिजे तितकं! तिथं पोटभर खेळून घेते, मंग साडेतीनले इकडे हात बांधून बसाले येते." मंग उर्वशीले म्हणजे मले म्हणे, "सासू कुठं हाय तुझी? येईपर्यंत एक डाव घेऊन टाकू. अन् आज लाल मी घेते!"

माझी लाल तिनं घेतली. मले पिवळी आली.

आता मी उर्वशीले हाक मारून बटण चालू कराले सांगू शकत होती. नाही सांगतलं. बोटाचं पीठ पदराले पुसलं अन् फासा टाकला.

काय खेळली ती बाई! मी तिच्यासंग दोन वर्षं खेळून राहिली, पण ही बाई मी पाहलीच नव्हती. माझी पहिली गोटी बाहेर आली नाही का तिनं मारली. दुसरी चांदणीच्या घरातून निघाली, चार घरं पुढं गेली, मारली. इंदूची मारली, अलकाची मारली. अन् प्रत्येक वेळी अशी हसे, अशी हसे, का मोबाईल परातीत पडते का काय असं झालं. चौदा वर्षांत मी तिचं असं हसणं ऐकलं नव्हतं. माझ्या घरी ती हसते तेव्हा तोंडावर पदर असते.

"अवं नलिनी, पोरीले तरी सोड!" इंदू म्हणे.

"काहून सोडू? पोरगी माझी हाय, हिले मारलं तर कोणी पंगतीतून उठत नाही."

तिघी हसल्या. माझे कान तापले.

अलका म्हणाली, "पण मी म्हणते, वच्छलाबाईची बी मारत जा ना कधी. त्यांचा बी डाव रंगीन."

"कशी मारू वं? वरमाय हाय ते. वड्यावरून उठली होती, लुडोवरून उठली तर? माझी पोरगी त्या घरात हाय. परवा माझ्या हिरवीच्या पुढं दोन घरांवर त्यांची लाल, अन् मले पडले दोनच! मी मुकाट्यानं मागची दुसरीच गोटी हलवली. तर वरून मलेच म्हणतात, नलिनीबाई, लक्ष कुठं हाय तुमचं? अन् अर्धा तास शिकवलं मले, कसं खेळाचं ते!"

शिकवलं होतं मी. अर्ध्या तासाच्या वरच शिकवलं होतं. "डोकं लावत जा जराक," असं बी म्हटलं होतं.

"अक्का उठत नाही," इंदू म्हणे, "अक्का बसल्या बसल्याच शिव्या देते."

इंदूले मी नंतर पाहीन.

मंग नलिनीचा आवाज जरा खाली आला. "उर्वशी, एक सांगू? मले आता देवापाशी काही मागायचं राहिलं नाही. तुमचं सारं चांगलं हाय. बस एक डाव. तुझ्या सासूची शेवटची लाल गोटी सारा पट फिरून दारासमोर आली असन, अन् मले नेमका आकडा पडन. मारीन, अन् ती लाल गोटी मागं मागं पळत अख्खा पट फिरून आपल्या घरात जाऊन बसन. तेवढं पाहीन अन् मोबाईल ठेवून देईन. पण ते काही या जन्मी होत नाही." असं म्हणता म्हणता तिनं माझी पिवळी दारासमोर मारली. "ही पाह्य, अशी!"

माझी गोटी टकटक करत मागं पळाली. इतका राग आला मले, अन् इतकं बरं वाटलं, दोन्ही एकदमच. हरली मी तो डाव. चौघीत चौथी.

पाणी प्याले उर्वशी बाहेर आली, तिनं माझं तोंड पाहलं, मोबाईल पाहला, मायचं हसणं ऐकलं. पोरगी जागच्या जागी उभी राहिली.

"तुझी माय मुद्दाम हरते, हे तुले माहीत होतं?" मी विचारलं.

"हो आई."

"अन् दोन वर्षं बोलली नाही?"

"तुम्ही जिंकल्या का संध्याकाळच्या पोळ्या तुम्ही करता, गुणगुणत. मी काहून बोलू?"

उत्तर द्याले कमी नाही ती. माझ्याच हाताखाली शिकली.

"बटण चालू कर," मी म्हटलं, "अन् इथंच बस. काड्या तू घे."

तिकडे नलिनी म्हणून राहिली होती, "उर्वशी, आता बलाव सासूले, टाइम झाला." उर्वशीनं बटण दाबलं. मी खाकरली अन् म्हटलं, "मी आली. माझा मोबाईल गजेंद्र घेऊन गेला, उर्वशीच्या मोबाईलवर खेळून राहिली."

तिकडे लगेच बांगड्या वाजल्या. "नमस्कार करते जी विहीणबाई," बारीक आवाज आला. हीच बाई आताच तिघींवर ओरडून राहिली होती. उर्वशीनं तोंडात पदर कोंबला.

नवा डाव मांडला. लाल माझी, हिरवी तिची. मी खेळत राहिली अन् पाहत राहिली. माझ्या दोन गोट्या घरात गेल्या. तिसरी फिरून दारासमोर आली, अन् नलिनीची हिरवी तिच्या मागं बरोबर तीन घरांवर उभी. तिनं फासा टाकला. तीन.

गोल फिराले लागला. तो गोल संपेपर्यंत चाल खेळाची असते.

"मारा, नलिनीबाई," मी म्हटलं.

"काय जी?"

"तीन पडले. माझी लाल तिसऱ्या घरात हाय. मारा."

"हो का? मले दिसलंच नाही जी. माझा चष्मा..."

"चष्म्याले काय झालं? मघाशी पिवळी तर दिसली. मघाशी उर्वशी नव्हती, मी होती."

गोल संपला, तिची पाळी गेली.

"माझ्या घरी पाहुणे आल्यासारखे वाटतात," अलका म्हणाली.

"कोणी उठायचं नाही!" मी म्हटलं.

नलिनीचा आवाज पुन्हा बारीक झाला. "विहीणबाई, काय काय बोलली मी. माझी जीभ... उर्वशीले काही म्हणू नका जी. तिचा काही दोष नाही."

माझ्या बाजूले उर्वशीच्या हातातलं सरगुंडं काडीवरच थांबलं होतं. चौदा वर्षं नांदलेली सून, दोन लेकरांची माय, माझ्या तोंडाकडं अशी पाहून राहिली होती का जशी आताच मांडवातून आली.

"उर्वशीले मी काहून काही म्हणू?" मी म्हटलं. "तिच्या पोळ्यांचं मी नंतर पाहीन. पंगतीतून उठली होती मी, खरं हाय. या डावातून उठत नाही. पण आता हात बांधून खेळल्या ना नलिनीबाई, तर उद्यापासून मी येत नाही. खेळायचं असन तर खेळा."

माझी पाळी आली. चार पडले. दारासमोरची गोटी आत घेतली तर ती वाचली, तिले मंग कोणी मारू शकत नाही. एक घडी वाटलं, राहू द्यावी तिथंच, दुसरी हलवावी, घेऊ दे नलिनीले तिचं मागणं. बोट दुसऱ्या गोटीवर गेलं बी होतं. मंग म्हटलं, वच्छला, हे तर तिनं केलं तेच झालं. उचललं बोट, अन् गोटी आत घेतली.

"घ्या," मी म्हटलं, "गेली. आता एकच राहिली माझी. धरा तिले."

अन् मंग खेळ झाला. माझी शेवटची लाल पुढं, तिची हिरवी मागं. मी पाच टाकले, तिनं सहा टाकले, पुन्हा तीन. मी चांदणीत शिरली, तिथं कोणी मारू शकत नाही, तर ती चांदणी ओलांडून पुढं गेली नाही, मागंच दबा धरून बसली. अशी चाल मी तिले शिकवली नव्हती. इंदूची निळी मधात आली तर दोघींनी मिळून तिले हाकललं. अलका आपली पाळी विसरून ओरडून राहिली होती, "पळा वच्छलाबाई! मारा नलिनीबाई!" तिचं एक माणूस ठरत नव्हतं. उर्वशी तर एकदा म्हणे "आई, निघा तिथून," अन् लगेच "माय, सोडू नको." कणीक वाळून राहिली होती, कोणाले सुध नव्हती.

मले दोन पडले. माझी लाल दारासमोर येऊन उभी राहिली. हिरवी पाच घरं मागं. मी फासा पाहून राहिली होती, अन् खरं सांगते, मनात म्हणून राहिली होती, पाच पडू नये. कोणता बी पडो, पाच नाही.

पाच पडले.

गोल फिराले लागला. नलिनी काही करेना. अर्धा गोल गेला. मी दातात ओठ धरून बसली. "मारा" म्हणाचं नाही, तिनं आपल्या मनानं मारलं पाहिजे. गोल इतकासा राहिला, अन् हिरवी सरकली. एक, दोन, तीन, चार, पाच. माझी लाल उठली अन् अख्खा पट मागं मागं पळत जाऊन पहिल्या घरात बसली.

"मारली! मारली! उर्वशी, पाह्य वं, मारली तुझ्या सासूले!" नलिनी अशी ओरडली का तिच्या शेजारणीनं विचारलं, "काय झालं वं?" तेही ऐकू आलं. मंग लगेच बांगड्या वाजल्या. हात पदराकडं गेला असन.

"विहीणबाई?" हळूच म्हणे. "राग तर नाही आला?"

उर्वशीनं माझा हात धरला होता, पिठासकट.

"राग आला," मी म्हटलं. "आताचा नाही, दोन वर्षांचा आला. तो पदर सोडा पहिले, अन् ऐका. तुम्ही मले मान दिला नाही नलिनीबाई, तुम्ही मले फसवलं. मी रोज जिंकून भजनात सांगत फिरली, अन् पटावर खेळून राहिली होती एकटीच. आज माझी गोटी मारली, तेव्हा पहिल्यांदा वाटलं का समोर कोणी तरी बसून हाय. खेळता तुम्ही फक्कड. खेळाच्या बाबतीत लबाड, चिवट अन् एक नंबरच्या दुष्ट बाई हाय तुम्ही, अन् अशीच विहीण पाहिजे होती मले. टाका फासा, मारल्यावर एक पाळी जास्तीची असते तुमची!"